निर्धन मुले आणि गाण्याच्या शाळा

आपल्या ज्ञातीतील एखाद्या मुलाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी घरात "मला गाणे शिकावयाचे आहे" असे म्हटले असते, तर वडीलधाऱ्यांनी त्यास पहिला प्रश्न विचारला असता तो हाच की, "आणि खाशील काय?" त्या वडीलधाऱ्यांस संगीताचा तिटकारा होता असे नव्हे. भजनाला ते रात्र रात्र बसत, कानबाईच्या रोटांना घरातील बायका अहिराणी गाणी म्हणत तेव्हा कौतुकाने ऐकत, आणि गावात नाटक आले की बैलगाडी जुंपून सहकुटुंब जात. परंतु ऐकणे निराळे आणि त्यावर पोट भरणे निराळे, ही त्यांची ठाम समजूत होती. आणि तिला आधार नव्हता असे कोण म्हणेल?

हाच प्रश्न आज आपल्या मंडळापुढे दुसऱ्या रूपाने आला आहे. वसतिगृहातील गरीब मुलांसाठी आठवड्यातून दोन सायंकाळी गायन व तबलावादनाचा वर्ग सुरू करावा, अशी सूचना काही तरुण सभासदांनी मांडली आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, मंडळाचा पैसा हा विधवांच्या, शेतमजुरांच्या मुलांचा पैसा आहे. तो फी, वह्यापुस्तके आणि शिष्यवृत्त्या यांवरच खर्चावा, पेटी-तबल्यावर नव्हे. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. म्हणून या वादात मत देण्याआधी, निर्धन मुलांना संगीताने हात दिल्याचे प्रयोग आपल्या महाराष्ट्रात पूर्वी कोणी केले, ते कसे चालले आणि कोठे अडले, हे पाहणे बरे, असे मजसारख्या जुन्या शिक्षकास वाटते.

या प्रयोगांचा आरंभ शाळेत झालेला नाही. नाटक मंडळ्यांत झाला. इ. स. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक उभे केले आणि त्यानंतर सुमारे अर्धशतक नाटक मंडळ्यांना गोड गळ्याच्या मुलांची सतत गरज भासू लागली. स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत. गरीब घरचा मुलगा मंडळीत गेला की त्याला दोन वेळचे जेवण, अंगावर कपडा आणि गाण्याची तालीम मिळे. आपल्या खानदेशाचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. नारायणराव राजहंस, म्हणजेच पुढचे बालगंधर्व, यांचे बालपणीचे काही शिक्षण जळगावात झाले आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी येथेच महबूबखाँ या गवयांपाशी घेतले. (ब्राह्मणाच्या मुलाने मुसलमान उस्तादापुढे बसून शिकावे यात त्या काळच्या जळगावला काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) पुढे शाहू महाराजांच्या कृपेने 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले. जळगावचे खुले नाट्यगृह त्यांचे नाव धारण करून आहे. तिकडे तापीकाठच्या थाळनेर गावाचे, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याचे, जावई होते मास्टर दीनानाथ मंगेशकर. गोव्याच्या मंगेशीहून निघालेला हा मुलगाही किर्लोस्कर मंडळीच्या आश्रयानेच वाढला आणि 1918 साली त्याने स्वतःची बलवंत संगीत मंडळी काढली.

परंतु नाटक मंडळ्यांची ही बाजू सांगून दुसरी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मंडळीला मुलाचा गळा हवा होता, मुलगा नव्हे. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटला की पुष्कळांची गरज संपे. तोवर शाळा सुटलेली, गाव दुरावलेले, हाती दुसरे कसब नाही. बालगंधर्व एक झाला. पडद्यामागे सामान उचलता उचलता म्हातारे झालेले किती, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आणि खुद्द यशस्वी नटाचेही नशीब केवढे बेभरवशाचे! बोलपटांनी संगीत रंगभूमीची घडी विसकटली, बलवंत मंडळी बुडाली, 24 एप्रिल 1942 रोजी दीनानाथ निवर्तले आणि तेरा वर्षेही पुरी न झालेल्या लताबाईंवर घरचा भार पडला. तेव्हा त्या घरी कामास आले ते वडिलांनी शिकवलेले गाणेच, हेही तितकेच खरे.

गळ्याऐवजी मुलाकडे पाहणारी पहिली मोठी संस्था काढली ती पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी. त्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण आपल्यापुढील प्रश्नाची बहुतेक उत्तरे तीत सापडतात.

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने मुलाचे डोळे जवळजवळ गेले आणि इंग्रजी शिक्षणाचा मार्ग बंद झाला. मिरजेस उपचार झाले, पण दृष्टी पुरती परत आली नाही. तेव्हा या मुलाला गाणे शिकवा, असा सल्ला वडिलांस मिळाला. म्हणजे पाहा, महाराष्ट्रातील संगीतशिक्षणाचा हा महापुरुष स्वतःच व्यंगामुळे शाळेबाहेर पडलेला विद्यार्थी होता. मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांनी अनेक वर्षे कष्टाने विद्या मिळवली. चरित्रकार सांगतात की, मिरजेत एका समारंभास विष्णुबुवांना निमंत्रण आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. ते तर केवळ गवई, त्यांस कशाला बोलवावयाचे, असे उत्तर मिळाले. त्या अपमानाचा काटा शिष्याच्या मनात कायमचा राहिला. 1896 मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले, आणि हिंडत हिंडत पंजाबात पोचले. 5 मे 1901 रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजाच्या पदरी न राहता, जनतेच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी ही गायनशाळा. प्रथम कोणी विद्यार्थी फिरकेना. तेव्हा ठरलेल्या वेळी बुवा स्वतःच तंबोरा घेऊन रियाजास बसत, असे सांगतात. 1908 साली त्यांनी मुंबईस विद्यालय उघडले आणि तेथे कार्याचा विस्तार झाला.

या विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक, सायंकाळी येऊन फी देऊन शिकणारे सुखवस्तू घरचे स्त्री-पुरुष. दुसरे, उपदेशक वर्गाचे. या दुसऱ्या वर्गातील मुले विद्यालयातच राहत. त्यांचे जेवणखाण, कपडालत्ता, शिक्षण सारे विनामूल्य. त्याबदली सुमारे नऊ वर्षे तेथे राहून शिकण्याचे व पुढे संगीत शिकवण्याचे बंधन त्यांनी पत्करावयाचे. पहाटे उठणे, स्वर लावणे, झाडलोट, स्वयंपाकाला हातभार, वरच्या मुलांनी खालच्यांना शिकवणे, असा कडक दिनक्रम. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, त्यात स्वरलिपीची पुस्तके छापली जात; वाद्ये दुरुस्त करण्याची व्यवस्था होती. गळा सामान्य असलेला मुलगाही तेथे निरुपयोगी ठरत नसे. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. नाटक मंडळीने मुलाला नट केले आणि आवाज फुटताच टाकले. विष्णु दिगंबरांनी त्याला मास्तर केले, आणि मास्तराचा आवाज फुटला म्हणून कोणी त्यास काढीत नाही!

या वर्गातून व त्या विद्यालयातून कोण बाहेर पडले? गुजरातेतील जहाज गावी 24 जून 1897 रोजी जन्मलेले ओंकारनाथ ठाकूर. वडील संन्यासी होऊन घराबाहेर पडलेले, घरी अत्यंत दारिद्र्य. मुलाने गिरणीत काम केले, स्वयंपाक्याचे काम केले, रामलीलेत गायले. एका पारशी सद्गृहस्थाने त्याचा गळा ऐकून त्यास मुंबईस विष्णुबुवांकडे पाठवले. हाच मुलगा पुढे लाहोरच्या विद्यालयाचा प्राचार्य झाला आणि स्वातंत्र्यानंतर काशी हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय त्याने उभे केले. 15 ऑगस्ट 1947 च्या पहाटे आकाशवाणीवरून ज्यांनी वंदे मातरम् गायिले ते हेच. मिरजेचे विनायकराव पटवर्धन, कोल्हापूरचे नारायणराव व्यास, प्रा. बा. र. देवधर हेही त्याच विद्यालयाचे. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांना तर विष्णुबुवांनी महात्माजींच्या मागणीवरून साबरमतीच्या आश्रमात धाडले. त्यांनी आश्रमास भजनावली दिली आणि 1930 साली ते दांडीयात्रेत चालले.

आता या चित्राची काळी बाजू. मुंबईतील विद्यालयाची इमारत कर्ज काढून बांधली होती. विष्णुबुवा गावोगाव जलसे करून हप्ते फेडीत. परंतु देणे फिटेना आणि अखेर इमारत लिलावात गेली. त्यानंतर बुवा नाशिकच्या पंचवटीत, आपल्या रामनाम आधार आश्रमात येऊन राहिले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. उत्साहाच्या भरात इमारती बांधणाऱ्या सर्व मंडळांनी, आपल्याही, ही हकीकत वाचावी. इमारत गेली, आणि शिष्य राहिले. त्याच वर्षी त्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, 1932 साली विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढले, आणि गुरूचा दहा वर्षांचा पोरका मुलगा दत्तात्रेय याला विनायकराव व नारायणराव यांनी शिकवून तयार केले. नाशिकला जन्मलेले पंडित द. वि. पलुसकर ते हेच. ज्याने गरिबांची मुले सांभाळली त्याचे मूल त्या मुलांनी सांभाळले. इतिहासात असा हिशेब क्वचितच इतका चोख जुळतो. दुर्दैवाने 1955 साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, द. वि. पलुसकर गेले.

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनीही 1913 साली पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढून गरीब शिष्यांस घरी ठेवून घेतले होते. पंडित भातखंडे यांचे कार्य निराळ्या जातीचे. त्यांनी शास्त्र रचले, ग्वाल्हेर आणि लखनौ येथे महाविद्यालये उभारण्यात पुढाकार घेतला. परंतु पोटाला चिमटा बसलेल्या मुलाची पहिली गरज ग्रंथ नसून आसरा असते, म्हणून आपल्या विषयात विष्णु दिगंबरांचाच मान मोठा.

हे सारे झाले अभिजात गाण्याचे. परंतु ज्यांना त्या दालनात पाऊलही ठेवता येत नव्हते, त्यांचे काय? त्यांनी आपली शाळा स्वतःच उघडली आणि तिला जलसा म्हटले. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार तमाशाच्याच ढंगाने खेड्यापाड्यांत नेणारे सत्यशोधक जलसे निघाले. पुढे 1930 नंतर नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांच्या जलशाने डॉ. आंबेडकरांचा संदेश गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि महाराष्ट्रभर गात फिरले. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख व गव्हाणकर यांच्याबरोबर 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. या मंडळींना कोणी संगीताचे शिक्षण दिले नव्हते. पथकात राहून, ऐकून, चुकून, दुरुस्त होऊन ते शिकले. पथक हेच विद्यालय.

राष्ट्र सेवा दलाचे कलापथक याच परंपरेतले. 4 जून 1941 रोजी सेवा दलाची पुनर्रचना झाली आणि लवकरच त्याच्या शाखांतून समूहगीते, पोवाडे, लोकनाट्ये यांचा ओघ सुरू झाला. वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी सुशिक्षित माणसे पथकाला लाभली, आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले ते कष्टकरी घरांतील पोरे. निळू फुले पुण्यात माळीकाम करीत. राम नगरकर हे न्हावी समाजातले. दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावातले, बँडपथकात वाजविणारे. यांपैकी कोणी सेवा दलात प्रसिद्ध नट होण्यासाठी गेला नव्हता. संध्याकाळी जाण्यास एक जागा आहे, तेथे आपले नाव घेऊन हाक मारणारे कोणी आहे, आणि आपण चुकलो तर साऱ्यांचे गाणे बिघडते, हा अनुभव त्यांना तेथे मिळाला.

सेवा दलाशी जिव्हाळ्याचे नाते असलेले साने गुरुजी तर आपल्या अमळनेरचेच म्हणावयाचे. जन्म कोकणातला, परंतु 1924 पासून 1930 पर्यंत प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते आणि छात्रालयातील मुलांचे पालक होते. मुलांच्या चादरी झटकणारे, कंदील पुसणारे, त्यांच्यासाठी स्वहस्ताने दैनिक लिहिणारे गुरुजी काही गवई नव्हते. तरी त्यांनी रचलेली प्रार्थना आजही महाराष्ट्रातील असंख्य शाळांत रोज म्हटली जाते. वसतिगृहातील मुलाला रात्री घर आठवते. दहा मुले एका सुरात काही म्हणू लागली की तो एकटेपणा थोडा विसावतो. ज्यांनी वसतिगृहे चालविली आहेत त्यांना याची साक्ष काढावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आपण खानदेशी माणसे विसरतो. आपल्या मुलांच्या घरी संगीत नाही असे समजून आपण त्यांना ते "द्यावयास" निघतो, पण ते त्यांच्या घरी आधीच असते. डफाच्या तालावर रंगणारी वही, कानबाईची गाणी, साक्रीच्या डोंगरपट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाळलेल्या भोपळ्याची व बांबूची पावरी, सातपुड्यातील पावरा-भिल्लांचे मोठे ढोल, हे सारे काय आहे? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) अक्षरओळख नसता जात्यावर रचलेल्या ओव्यांना 1952 मध्ये पुस्तकरूप मिळाले, आणि आज उत्तर महाराष्ट्राचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या घरच्या मुलाला आपण निर्धन म्हणतो त्याच्या आजीच्या कंठात अशा शंभर ओव्या असू शकतात. मग वर्गाला येणाऱ्या मास्तराने पहिल्याच दिवशी यमन सांगण्याऐवजी "तुझ्या घरी काय वाजवतात?" असे विचारले तर काय बिघडेल?

माझ्या नोकरीतील अनुभव थोडक्यात नोंदवितो. चोपडे तालुक्यातील एका शाळेत असताना एका सालदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. लग्नसराई आली की तो बँडवाल्यांबरोबर निघून जाई, आणि एकदा का हाती रोजचे पैसे आले की शाळेची गोडी उतरे. डफावर त्याचा हात विलक्षण चाले. शाळेच्या प्रार्थनेचा ताल मी त्याच्याकडे सोपविला आणि समूहगीतांच्या पथकात त्याला पुढे बसविले. तो दहावी उत्तीर्ण झाला. गवई मात्र झाला नाही; एस. टी. त वाहक झाला, आणि आपल्या गावच्या भजनी मंडळाचा मृदंग त्याच्याकडे आहे. त्याच पथकातील दुसरा एक मुलगा, गळा त्याच्याहून गोड, नववीतच शाळा सोडून सुरतेस गेला. गाण्याने त्याला थांबविले नाही. म्हणून गाणे शिकवले की दारिद्र्य पळते, असे जे उत्साही तरुण बोलतात त्यांच्याशी मी सहमत नाही. गाण्याने मुलाला शाळेत येण्यास एक कारण मिळते. फी भरण्याचे काम शिष्यवृत्तीलाच करावे लागते. अलीकडे डी. जे. च्या भिंतींनी लग्नातला बँडही गिळला आहे, तेव्हा पूर्वी तासे-संबळावर थोडाफार जगणारा मुलगा आज तेवढ्यालाही मुकला, हा भाग निराळा.

आपल्याच काळातील एक उदाहरण पाहावे. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी 2002 साली "स्वरानंदवन" हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर, अपंग असे कलावंत त्यात आहेत आणि त्यांचे प्रयोग तिकीट लावून महाराष्ट्रभर झाले आहेत. लोक प्रथम दयेने तिकीट काढतात आणि गाणे ऐकून टाळ्या वाजवितात. दयेपासून दादेपर्यंतचा हा प्रवास त्या मंचावर दोन-तीन तासांत घडतो. परदेशात व्हेनेझुएला नावाचा देश आहे. तेथे होसे आन्तोनियो आब्रेऊ या गृहस्थांनी 1975 साली काराकास शहरातील एका मोटारतळात अकरा मुले जमवून वाद्यवृंदाची पहिली तालीम घेतली. "एल सिस्टेमा" या नावाने ती योजना देशभर पसरली, लक्षावधी मुलांपर्यंत पोचली आणि इतर अनेक देशांनी तिचे अनुकरण केले. तेथेही आरंभी इमारत नव्हती, हे विष्णु दिगंबरांच्या चरित्राशेजारी ठेवून वाचावे.

तेव्हा माझे मत विचाराल तर, शिष्यवृत्त्यांचा एक पैसाही कमी न करता हा वर्ग सुरू करावा. आणि त्यासाठी वेगळी खोली, वेगळी इमारत, नामफलक, उद्घाटन यांपैकी काहीही करू नये. वसतिगृहाच्या जेवणघरात सायंकाळी जागा रिकामीच असते. एक पेटी, एक तबला-डग्ग्याची जोडी, दोन डफ आणि बिदागी वेळच्या वेळी मिळणारा एक शिक्षक, एवढे पुरे. शिक्षक निवडताना मैफलीचा गवई पाहू नये, मुलांत बसणारा पाहावा. पहिले सहा महिने सर्वांनी एकत्र गावे. ज्यांस गोडी लागेल त्यांना पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांस बसवावे. विष्णुबुवांच्या शिष्यांनी स्थापिलेल्या मंडळाच्याच या परीक्षा होत. शास्त्रीय कलांच्या मान्य परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांस दहावीला वाढीव गुण देण्याची तरतूदही शासनाने गेल्या काही वर्षांत केली आहे. ज्येष्ठांपैकी ज्यांना गुणपत्रिकेवाचून समाधान नाही, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितले. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर होतात. जूनमध्ये वर्ग भरू लागला तर ज्यांची तयारी होईल ती मुले पुढील उन्हाळ्याच्या परीक्षेस बसू शकतील. परीक्षेचे शुल्क मंडळाने भरावे, आणि पेटीचा भाता फाटला तर तो शिवण्याचे काम मुलांनाच शिकवावे.